संध्याकाळचा हिशेब : स्पितीच्या खोऱ्यात सायकलवर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून आल्यावर सौ.नं पहिली सूचना दिली, "नंतर जेवण आहे, तेव्हा आटोपतं घ्या." दुसरी सूचना नातवाची. "आजोबा, बँकेतल्या गोष्टी नको." दोन्ही सूचना मान्य आहेत. पण छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस हिमालयात गेला तरी लेजर डोक्यातच घेऊन जातो, त्यामुळे दुसरी सूचना शंभर टक्के पाळली जाईलच असं नाही.

विषय आहे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही सहा निवृत्त माणसांनी हिमाचलातल्या किन्नौर आणि स्पिती या खोऱ्यांतून केलेली सायकल सफर. सर्वात लहान एकसष्ट वर्षांच्या, सर्वात मोठे सहासष्टचे, मी चौसष्टचा. सहापैकी दोघे आपल्या सोसायटीतले. एक मी, आणि दुसरे बी विंगमधले आमचे साहेब. ते एके काळी खरोखरच माझे ब्रँच मॅनेजर होते, त्यामुळे मी त्यांना आजही साहेबच म्हणतो. ते इथे दुसऱ्या रांगेत बसलेत. आज जे सांगणार आहे त्यात त्यांच्याबद्दल बरंच आहे. ते त्यांना आधी वाचून दाखवलंय, आणि "सगळं सांग, काही गाळू नकोस" अशी त्यांची परवानगी आहे. उरलेले चौघे म्हणजे पस्तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या एक डॉक्टरबाई, गणिताचे एक सर आणि कारखान्यातून निवृत्त झालेले दोन सख्खे भाऊ.

तयारी वर्षभर चालली होती. आठवड्यातून तीन दिवस पहाटे सायकल. आधी कात्रजचा घाट, मग सिंहगड, मग पाचगणी-महाबळेश्वर. पायांत ताकद येत गेली. पण एका गोष्टीची तयारी पुण्यात राहून होतच नाही, ती म्हणजे उंचीची. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, १,६४६ मीटर. आम्हाला झोपायचं होतं ते साडेतीन-चार हजार मीटरवर आणि ओलांडायची होती ती कुंझुमची खिंड, ४,५५१ मीटर. तिथल्या हवेत प्राणवायूचं प्रमाण इथल्याएवढंच असतं, पण हवेचा दाबच कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात पदरात पडतो तो कमी. चार हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के. पगार साठ टक्के आणि खर्च पूर्वीचाच, अशी शरीराची अवस्था.

शरीर या तुटीशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. ते न देता वर गेलं तर डोकं दुखतं, अन्न नको वाटतं, मळमळतं, झोप येत नाही. तिकडेही दुर्लक्ष केलं तर मेंदूला सूज येऊ शकते, फुप्फुसांत पाणी होऊ शकतं, आणि मग माणूस हातचा जातो. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून हे सगळं न घाबरवता, पण स्पष्ट सांगितलं. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं : "विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे त्याच्या मांड्या बघून सांगता येत नाही." म्हणजे रोज व्यायाम करणाऱ्याला होतो आणि न करणाऱ्याला होत नाही, असंही घडतं.

म्हणून निघण्यापूर्वी आम्ही माझ्या घरी रीतसर बैठक घेतली आणि तीन ठराव केले. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, सगळं वहीत. पहिला ठराव : जो सर्वात हळू, तो सर्वात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचं. दुसरा : सहा जणांच्या तीन जोड्या. जोडीतल्या एकाला परतावं लागलं तर दुसऱ्यानंही परतायचं, त्यावर चर्चा नाही. आणि तिसरा : रोज संध्याकाळी मुक्कामावर हिशेब. प्रत्येकानं चार गोष्टी खऱ्या सांगायच्या. डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, झोप कशी लागली, चक्कर आली का. बँकेत आमची रीत होती की कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. तसंच इथं, हिशेब झाल्याशिवाय कुणी पांघरुणात शिरायचं नाही. माझी जोडी साहेबांबरोबर लागली.

रेल्वेनं चंदीगड, तिथून गाडीनं शिमला, आणि शिमल्याहून सायकलवर टांग मारली. सामान वाहायला एक पिकअप गाडी मागून येत होती. तिचा ड्रायव्हर किन्नौरचा पोरगा. तो आम्हाला पहिल्या दिवशी 'अंकलजी' म्हणत होता, चौथ्या दिवसापासून 'दादाजी' म्हणायला लागला. यावरून आमच्या चेहऱ्यांची कल्पना यावी.

शिमला ते नारकंडा साधारण ६५ किलोमीटर, देवदारांची झाडी, बागांमध्ये लाल सफरचंदं आणि रस्त्याच्या कडेला पेट्यांच्या थप्प्या. नारकंडा २,७०० मीटरवर. आणि तिथून दुसऱ्या दिवशी रस्ता खाली खाली उतरत सतलजच्या काठी रामपूरला जातो, हजार मीटरवर. कालची सगळी कमाई एका दिवसात खर्च! सर म्हणाले, "याला ऋण संख्या म्हणतात." पुढे सतलजच्या काठाकाठानं टापरी. या भागात रस्ता कड्याच्या पोटात कोरलेला आहे. डोक्यावर छज्जासारखा दगड, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला खोल खाली गढूळ नदी. तरांडा देवीच्या देवळाशी जाणारी-येणारी गाड्या थांबवून नमस्कार करतात. आम्हीही सायकली थांबवल्या. न थांबण्याइतके धीट आमच्यात कुणी नव्हते.

टापरीहून चढून कल्पा, २,९६० मीटर. समोर किन्नर कैलासची बर्फाची रांग, अगदी गॅलरीतून हात लावावा इतकी जवळ. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वात आधी मत देणारे श्याम सरन नेगी हे शिक्षक याच गावचे. थंडीत बर्फ पडून वाटा बंद होतात म्हणून इथलं मतदान देशाच्या आधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला घेतलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते हयात होते. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीला लिफ्ट बंद असली तर मतदान निम्म्यावर येतं, हे मी सेक्रेटरींच्या समोर बोलतोय याची मला जाणीव आहे.

कल्पाला एक दिवस मुद्दाम थांबलो. मग पूह, आणि पूहच्या पुढे खाब. खाबला तिबेटकडून येणाऱ्या सतलजला स्पिती नदी मिळते. इथपर्यंत सतलज डाव्या-उजव्या हाताला सोबत होती, इथून स्पितीचा हात धरायचा. आणि इथं एक मोठा बदल होतो. झाडं संपतात. आपल्याकडे बघा, महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि घाट उतरून माण-खटावला गेलं की कोरडं रान. सह्याद्री ढग अडवतो, त्याच्या पाठीशी असलेल्यांच्या वाट्याला उरतं ते थोडं. तेच हिमालयात, पण किती मोठ्या मापानं! पावसाळी ढग पलीकडच्या रांगांवर रिकामे होतात, स्पितीत पोहोचतच नाहीत. उघडे डोंगर. कुठे राखाडी, कुठे तांबूस, कुठे जांभळट. आणि त्या सगळ्यात मधेच एखादं हिरवं चौकोनी ठिगळ दिसलं की समजायचं, गाव आलं.

खाबहून नाकोचा चढ आमच्या सफरीतला सर्वात कठीण. वळणांमागून वळणं. वर पाहिलं की आपणच चढायचा असलेला रस्ता डोक्यावर तीन मजले दिसतो. पहिला ठराव इथं कामी आला. धाकटे भाऊ सर्वात हळू, म्हणून ते पुढे. ताशी चार-पाच किलोमीटर. मागून साहेब दोनदा म्हणाले, "अरे, चालत गेलो तरी याहून लवकर पोहोचू." पण ठराव म्हणजे ठराव. नाको ३,६६० मीटर. उंची एकदम वाढली म्हणून तिथं दोन रात्री काढल्या. लहानसं तळं, कडेला विलो आणि पॉपलरची झाडं, दगडामातीची घरं, छपरावर वाळत घातलेला चारा.

नाकोहून ताबो. ताबो मला कायम आठवेल. बाहेरून मातीचे मोठे ढिगारे वाटावेत अशी देवळं, आणि आत शिरलं की काळोखात भिंतीभर चित्रं. हा मठ सन ९९६ चा. हजाराहून अधिक वर्षं तिथं मातीच्या भिंतींच्या आत दिवा लागतो आहे. १९ जानेवारी १९७५ ला किन्नौरचा मोठा भूकंप झाला, त्यात इमारतींचं नुकसान झालं, पण चित्रं आणि मातीच्या मूर्ती बऱ्याचशा राहिल्या. आपण पंचवीस वर्षांची इमारत झाली म्हणून जेवणावळ घालतोय, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आतापर्यंत तीनदा झालंय. मी काही टीका करत नाही, फक्त आकडे मांडतोय.

स्पितीच्या गावांत मला आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली, ती सहकारी सोसायटीच्या सभासदांनी ऐकण्यासारखी आहे. पाऊस नाही, मग बार्ली आणि मटार पिकतो कशावर? वर डोंगरात बर्फ वितळतं, तिथून माती-दगडाचा पाट काढून पाणी गावापर्यंत आणतात. त्याला 'कूल' म्हणतात. काही पाट काही किलोमीटर लांबीचे. गावाच्या डोक्यावर गोल तळं असतं. रात्रभर त्यात पाणी साठवायचं, सकाळी सोडायचं, संध्याकाळपर्यंत तळं रिकामं, पुन्हा तोंड बंद. कुणाच्या शेताला कधी पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या. जुन्या मोठ्या घराण्यांचा हक्क पहिला, बाकीच्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं. म्हणजे अगदी आदर्श समता आहे असं मी म्हणणार नाही. पण पाट फुटला तर दुरुस्तीला गाव जातं. कारण एका घराचं पाणी अडलं तर उद्या दुसऱ्याचं अडणार, हे तिथं पुस्तकात वाचावं लागत नाही.

काझा हे स्पितीचं मुख्य गाव, साधारण ३,६५० मीटरवर. बाजार, बसस्टँड, दवाखाना आणि स्टेट बँकेची शाखा. शाखा दिसल्यावर मी आणि साहेब आपोआप आत गेलो. काम काही नव्हतं. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, आम्हीही याच धंद्यातले, तर त्यानं उठून चहा मागवला. काझात तीन रात्री होत्या. एक दिवस पिकअपमधून लांगझा, हिक्कीम, कोमिक अशी वरची गावं पाहून रात्री पुन्हा खाली झोपायला आलो. दिवसा उंच जावं आणि झोपावं खाली, हा उंचीशी ओळख करून घेण्याचा चांगला मार्ग. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस सुमारे ४,४०० मीटरवर आहे, १९८३ पासून चालू. तिथून टपालाची थैली पायी काझाला न्यायची पद्धत. आजूबाजूच्या गावकऱ्यांची बचत खातीही तिथं आहेत. मी नातवाला तिथून कार्ड टाकलं. ते आम्ही घरी पोहोचल्यानंतर आलं, पण आलं.

रोज संध्याकाळी हिशेब चालू होता. धाकट्या भावाचं नाकोला डोकं दुखलं, त्यांनी सांगितलं, एक दिवस जास्त पाणी आणि विश्रांती, उतरलं. सरांना झोप येत नव्हती, त्यांनी सांगितलं. मला काझात पहिल्या रात्री जेवण गेलं नाही, मी सांगितलं. डॉक्टरबाई वहीत लिहीत. साहेबांच्या नावापुढे रोज एकच नोंद : "सर्व ठीक."

काझाहून लोसर, सुमारे ५८ किलोमीटर. खोऱ्यातलं या बाजूचं शेवटचं मोठं गाव, ४,०८० मीटरच्या आसपास. इथून कुंझुम अवघा १८-१९ किलोमीटर. शेतांत बार्लीची कापणी चालली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य रांगेआड गेला होता आणि थंडी अशी की ग्लोव्हज काढवेना. मी मनात म्हटलं, उद्या या वेळी आपण खिंडीपलीकडे असू. निवृत्त झालो त्या दिवसापासून भिंतीवर नकाशा लावून त्या खिंडीवर मी लाल पेन्सिलनं गोल केला होता. घरात सगळ्यांना तो गोल पाठ झाला होता.

रात्री जेवायला थुकपा होता. साहेबांनी दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. थोड्या वेळानं बाहेर गेले. मी जोडीदार, म्हणून मागोमाग गेलो. ते भिंतीला धरून उलटी करत होते. मला म्हणाले, "आत बोलू नकोस. थंडी बाधलीय."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांचा शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. त्या रात्री मोडला. आत जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी साहेबांना उभं केलं आणि म्हणाल्या, "सरळ रेषेत चाला, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून." रोज सूर्यनमस्कार घालणारा माणूस, कात्रजच्या चढावर आम्हाला मागे टाकणारा माणूस, तीन पावलांत कलंडला. सरांनी धरलं म्हणून पडले नाहीत.

डॉक्टरबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. "गाडी काढा. आत्ता खाली." वाजले होते साडेआठ. औषध दिलं, गाडीत प्राणवायूचा सिलिंडर होता तो लावला. पुढे ड्रायव्हर, मागे साहेब, डॉक्टरबाई आणि मी. काळोख, खडबडीत रस्ता, हेडलाइटच्या उजेडात फक्त धूळ. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, उतरणं, हे तोपर्यंत वहीत लिहिलेलं होतं, त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं. साहेब सुरुवातीला असंबद्ध बोलत होते. मला म्हणाले, "तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे साहेब, काळजी करू नका." अर्ध्या वाटेवर ते गप्प झाले. मी त्यांचा हात धरून होतो, आणि खरं सांगतो, मला वहिनींचा चेहरा दिसत होता. मध्यरात्रीच्या सुमाराला काझाच्या दवाखान्यात पोहोचलो. रात्रभर प्राणवायू. सकाळी साहेबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" डॉक्टरबाई खुर्चीवरच जरा टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता ठीक आहात."

दुपारी साहेब उठून बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काझातल्या दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकत होतं. रोज गुपचूप गोळी घेत होते. "का नाही सांगितलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं. ते म्हणाले, "माझ्या एकट्यापायी सगळ्यांची खिंड हुकली असती."

त्यावर डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते मला आजच्या भाषणाचं सार वाटतं. त्या म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी सांगितलं असतंत तर आपण काझात आणखी एक-दोन दिवस थांबलो असतो, आणि बहुधा सगळे मिळून वर गेलो असतो."

बँकेतल्या लोकांना हे लगेच कळेल. शंभर रुपयांचा फरक त्याच संध्याकाळी शोधला तर दहा मिनिटांत सापडतो. तोच झाकून ठेवला तर सहा महिन्यांनी ऑडिटर येतो, आणि मग शंभर रुपयांची गोष्ट राहत नाही. साहेबांनी स्वतः शंभर वेळा आम्हाला हे शिकवलं होतं.

आता प्रश्न पुढचा. डॉक्टरबाईंचा निर्णय स्पष्ट होता, साहेबांनी वर जायचं नाही, किन्नौरमार्गेच परत. आणि दुसरा ठराव सांगत होता की जोडीदारानंही परतायचं. लोसरला थांबलेले तिघे आणि डॉक्टरबाई असे चौघे पुढे जाणार. दोन्ही भावांनी निरोप पाठवला की आम्ही सगळेच परततो. साहेबांनी तर हात जोडले, मला म्हणाले, "तू जा, मी बसनं जाईन, मी काय लहान आहे?" मी नाही म्हटलं. त्यात फार मोठं काही केलं असं नाही. ठराव आधी झाला होता, तो बरा असताना झाला होता, चहा पिताना झाला होता. आयत्या वेळी चर्चा करायची नाही म्हणूनच तो केला होता. खिंडीच्या तोंडाशी उभं राहून 'कोण परतणार' असं विचारलं असतं तर माझं उत्तर काय आलं असतं, याची मी तेव्हाही परीक्षा घेतली नाही आणि आजही घेत नाही.

डॉक्टरबाई गाडीनं लोसरला परत गेल्या आणि एक दिवस थांबून चौघांनी कुंझुम ओलांडला. आम्ही दोघं एक दिवस काझात, मग ताबोला उतरून दोन दिवस. घरी फोन लावायचा तर तिकडे तेव्हा फक्त बीएसएनएल चालायचं, आणि तेही मनात आलं तर. वहिनींशी साहेब स्वतः बोलले. मी बाजूला उभा होतो. त्यांनी पहिल्यांदा सुरुवात केली, "सगळं ठीक..." आणि थांबले. मग म्हणाले, "नाही, ठीक नव्हतं. आता आहे. ऐक." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना रडले. वहिनी आज इथे आहेत, त्यांनी नंतर मला सांगितलं की चाळीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या तब्येतीबद्दल यांनी आपणहून सांगितल्याचा तो पहिला प्रसंग.

ताबोहून हिमाचल परिवहनच्या बसनं रेकाँग पिओ, तिथून शिमला. सायकली बसच्या टपावर. ज्या नाकोच्या वळणांवर आम्ही घाम गाळला होता ती बसनं भराभरा उतरली. साहेब खिडकीतून बघत म्हणाले, "तुझा कुंझुम राहिला माझ्यामुळे." मी म्हटलं, "साहेब, कुंझुम कुठे जात नाही." पुढे गुडघ्यानं माझं ऐकायचं सोडलं, मग कोविड आला, आणि कुंझुम तिथं आहे, मी इथं आहे. नकाशावरचा लाल गोलही आहे. त्याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. सप्टेंबर आला की वाटतं. पण दुसऱ्या रांगेकडे पाहिलं की हिशेब जुळतो.

चौघे मनालीला पोहोचले तेव्हा त्यांच्याकडून पलीकडचं ऐकलं. खिंडीतलं कुंझुम देवीचं ठाणं, तिथं दगडाला नाणी चिकटवण्याची प्रथा, फडफडणाऱ्या पताका. मग उताराची वळणं उतरून बातल. बातलपासून ग्राम्फूपर्यंत रस्ता म्हणजे निव्वळ धोंडे, आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. दुपारी ऊन चढलं की वर बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडायचे. तेव्हा अटल बोगदा नव्हता, तो ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. त्यामुळे त्यांना रोहतांगही चढावा लागला.

डॉक्टरबाईंनी येताना माझ्यासाठी एक छोटी बाटली आणली, बातलला चंद्रा नदीतून भरलेली. ही चंद्रा पुढे लाहौलमध्ये तांडी इथं भागा नदीला मिळते, आणि तिथून तिचं नाव चंद्रभागा. तीच पुढची चिनाब. आपल्या पंढरपूरच्या चंद्रभागेशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही, हे मी सौ.ला भूगोलासकट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बाटली देवघरात ठेवली. अजून तिथंच आहे.

आता मुद्द्याचं, आणि मग तुम्हाला जेवायला सोडतो.

या भाषणानंतर दोन-तीन मुलं येऊन विचारतील, "काका, आमच्या आईबाबांनी या वयात असं काही करावं का?" माझं उत्तर, जरूर करावं. डॉक्टरांना विचारून, दिवस हातात ठेवून, उंचीला मान देऊन. वय झालं म्हणून माणसाला घरात बसवलं तर तो घरात बसूनच आजारी पडतो. पण जाताना सोबत माणसं अशी हवीत की ज्यांना "मला त्रास होतोय" हे सांगताना लाज वाटणार नाही.

आणि त्यासाठी स्पितीला जायची गरज नाही. आपल्या तिन्ही विंगमध्ये अशी किती घरं आहेत, जिथं दोघंच राहतात, किंवा एकटंच कुणी राहतं. मुलं पुण्याबाहेर, देशाबाहेर. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, आपण शर्ट बदलून बसतो आणि म्हणतो, "सर्व ठीक." गेल्या थंडीत आपल्याच एका शेजाऱ्यांच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये लग्नाची गडबड होती, त्यांना कशाला त्रास, म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पुढचं तुम्हा सर्वांना माहीत आहे. आपण सगळे त्यांच्या दारात उभे होतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षाच्या निमित्तानं मी एक सूचना मांडतो. ज्येष्ठांनी आपापसांत जोड्या लावाव्यात. दोन घरांची एक जोडी. रोज संध्याकाळी बाकावर, नाहीतर इंटरकॉमवर, पाच मिनिटांचा हिशेब. डोकं, जेवण, झोप, चक्कर. हवं तर गुडघा पाचवा. आणि उत्तर खरं द्यायचं. जोडीदाराला वाटलं की काही बरोबर नाही, तर त्यानं न विचारता मुलांना किंवा डॉक्टरांना फोन करायचा, आणि त्याबद्दल कुणी रागवायचं नाही. ठराव आत्ताच करायचा, सगळे बरे असताना.

सूचक मी. अनुमोदक म्हणून बी विंगमधल्या साहेबांनी हात आधीच वर केलेला दिसतोय.